मांडावरून मंडपात

२०२४ साली तिथी आणि तारीख यांची गोव्यात मोठी गमतीदार गाठ पडली. ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली. पेडण्यापासून काणकोणापर्यंत रात्रभर वाजतगाजत मिरवलेले नरकासुर उजाडायच्या आत जळून राख झाले, आणि त्याच संध्याकाळी किनारपट्टीवरच्या क्लबांत हॅलोविनच्या पार्ट्यांसाठी सांगाड्यांचे मुखवटे बाहेर निघाले. दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती पंचांगातला सर्व संतांचा सण. २ नोव्हेंबरला एकीकडे बलिप्रतिपदा, म्हणजे खेड्यापाड्यांतला गुरांचा पाडवा, आणि दुसरीकडे कॅथलिक घरांतला मृतात्म्यांचा दिवस. गोठ्यात गाईच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडत होत्या, त्याच सुमारास सिमितेरीत आजोबांच्या थडग्यावर मेणबत्ती लागत होती. तीन दिवसांत असुर, भुते, संत, पितर आणि गुरे, सगळ्यांची हजेरी लागली.

ऑक्टोबर सरता सरता आपल्याकडे एक वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, हे हॅलोविन आपल्याला कशाला हवे? प्लास्टिकचे भोपळे, खोटे रक्त, चॉकलेटच्या कंपन्यांचा धंदा. दुसरी बाजू म्हणते, पोरांना मजा येते ना, मग येऊ द्या. आपल्या सणांत काय कमी बाजार भरतो? दोन्ही बाजू बाजाराबद्दलच बोलतात. सणाच्या गाभ्यात काय आहे, तिकडे कोणी बघत नाही. सोंग घेऊन दारात यायचे, हक्काने मागायचे, दिले तर आशीर्वाद आणि नाही दिले तर खोड काढायची, हा हॅलोविनचा गाभा. तो परका म्हणायचा, तर पेडणे, डिचोली आणि त्यांना लागून असलेल्या सिंधुदुर्गाचा निम्मा शिमगा परका ठरेल. दारात मागायला येण्याची ही चाल इथे कशी टिकली आणि दारातून उठून ती कुठे गेली, याचा इतिहास त्या वादाला बरेच काही शिकवतो.

सुरुवात तेरेखोलपासून करावी. गोव्याच्या किनारपट्टीवर सगळ्यात वर, तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, गोव्याचा एवढासा तुकडा आहे. तालुका पेडणे, पण पेडण्याला जायचे तर नदी ओलांडून केरीला उतरायचे. पाठीमागची जमीन रेडी-आरोंद्याची, म्हणजे महाराष्ट्राची. कड्यावरचा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी बांधला. १७४६ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैदा याने तो घेतला. आता तटाच्या आत सांत आंतोनचे चर्च आहे, एरवी ते बंद असते आणि मे महिन्यातल्या फेस्ताला गावासाठी उघडते. गावातली वस्ती बहुतेक कॅथलिक. म्हणजे एका बाजूला हिंदू पेडणे, दुसऱ्या बाजूला हिंदू सावंतवाडी आणि मध्ये क्रूस लावलेला किल्ला.

तेरेखोल गेले, तरी नदीपलीकडचे पेडणे आणखी चार दशके सावंतांकडेच राहिले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगिजांच्या हाती आले ते १७८१ ते १७८८ या काळात. हा उशीर फार मोलाचा ठरला. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे आधीच जिंकलेल्या मुलखात, १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसलेले होते. १७३६ च्या फर्मानाने तर दारातली तुळस, लग्नातली गाणी, विडा-सुपारी देण्याघेण्याच्या रीती इथपर्यंत बंदी नेली. ज्या मुलखात तुळस लावणे हा गुन्हा होता, तिथे सोंगे घेऊन रात्री ढोल बडवत फिरण्याची काय कथा? पण पेडणे हाती आले, तोवर त्या न्यायालयाची धार बोथटली होती. १७७४ मध्ये ते एकदा बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे मोडले. शिवाय नव्या मुलखातली प्रजा बिथरली तर ती सीमेपलीकडे जायला मोकळी होती. म्हणून नव्या काबिजादींत देवळांना आणि चालीरीतींना हात लावायचा नाही, असे धोरण राज्यकर्त्यांनी ठेवले. देवचार, देवांची तरंगे, ढोल-ताशांचे रोमट आणि गडे इथे टिकले, त्यामागे श्रद्धेच्या बळाइतकाच इतिहासातल्या त्या चाळीस-पन्नास वर्षांचा हात आहे.

शिमग्यातही, म्हणजे गोव्याच्या शिगमोतही, जुन्या-नव्या काबिजादींतला हा भेद दिसतो. गोव्यात धाकटा शिगमो पौर्णिमेच्या आधी आटोपतो आणि व्हडलो शिगमो पौर्णिमेपासून पुढे चालतो. पेडणे, डिचोली, सत्तरीचा शिगमो हा व्हडलो. त्याचा आरंभ मांडावर होतो. मांड ही गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली जागा, तिथे पायताण घालून कोणी जात नाही. तिथे नमन झाले, गाऱ्हाणे घातले की मग मेळ, म्हणजे नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा जथा, गावात निघतो.

मेळ अंगणात शिरतो तो वाजतच. पुढे निशाण, मागे ढोल, ताशे आणि हातभर व्यासाची काशाची कासाळी. ती एकमेकांवर आदळली की पडवीतली भांडी थरथरतात. अंगण शेणाने सारवलेले, मध्ये पाट, पाटावर पेटती समई. घरधनीण निशाणाला कुंकू लावते. मेळातले लोक वर्तुळ धरतात, ताल आधी संथ, मग चढा, मग असा की एका बाजूची माणसे दुसऱ्या बाजूची आरोळी ऐकूनच पाऊल टाकतात. नाच संपला की सुपातून तांदूळ आणि नारळ येतो, वर पाच-पन्नास रुपये येतात. ते घेतल्यावर मेळ तसाच चालू लागत नाही. आधी तळी म्हणतो. तळीत त्या घरच्या माणसांचे, गुरांचे, शेतभाताचे भले चिंतलेले असते. घराने दिले आणि मेळाने त्याची पावती देवाच्या नावाने फाडली, असा तो व्यवहार. वर्षभरात ज्या अंगणात पाय ठेवायला निमित्त नव्हते, तिथेही या दिवसांत निमित्त मिळते.

तेरेखोलच्या पाठीमागल्या अंगाला, शिरोडा, सावंतवाडी, कुडाळ या पट्ट्यात हेच मागणे आणखी उघड होते. तिथे शिमग्यात शबय मागतात. बाप्ये लुगडी नेसून बायका होतात, कोणी अस्वल होतो, कोणी फौजदार होऊन दटावतो. ढोलके घेऊन हा जथा घराघरात, दुकानादुकानांत शिरतो आणि ‘शबय, शबय’ असा गिल्ला करतो. पोरे रस्त्यावर आडवी दोरी धरून गाड्या अडवतात. पैसा हातावर पडला की दोरी खाली. नाही पडला तर बोंब आहेच, आणि शिमग्यातल्या बोंबेबद्दल कोणाकडे तक्रार करायची? होळीसाठी परसातली लाकडे पळवली, नारळ उतरवले, तरी घरधन्याने रागावायचे नाही, असा अलिखित कायदा. अमेरिकेत पोरे दारात येऊन ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात, त्याचा सगळा ऐवज इथे हजर आहे. सोंग आहे, मागणे आहे, धमकी आहे आणि त्या धमकीला हसून दिलेले दानही आहे.

मागण्याच्या या खेळात गंमत इतकीच नाही. एरवी जो मागू शकत नाही, तो या दिवसांत मागतो. ज्याच्या शेतात राबायचे, त्याच्याच अंगणात उभे राहून वर्षाकाठी एकदा त्याला हसायचे, त्याच्याकडून काढायचे. मात्र या गोष्टीला फार सोज्वळ रंग द्यायलाही नको. मेळ कोणाच्या दारी आधी जाणार, निशाण कोणाच्या हाती, पहिला नारळ कोणाचा, हे सगळे मानकऱ्यांच्या पायरीने ठरे. जातीची उतरंड शिमग्यातही सुटत नसे. मानावरून गावागावांत तंटे होत, काही देवळांचे उत्सव त्यापायी बंद पडत. आणि पैसा? तो पहिल्यापासून होताच. ढोलाला कातडे लागते, ताशाला दोरी लागते, शेवटच्या दिवशी जेवण लागते. सण एकेकाळी निर्मळ होता आणि नंतर त्यात पैसा शिरला, हे इतिहासाला धरून नाही. पैसा आधीही होता. तो शेजाऱ्याकडून यायचा, एवढेच.

या मुलखात मागणारी फक्त माणसेच नाहीत. गावची राखण करणारा देवचार आहे. तो रात्री वहाणा घालून, हातात काठी आणि चूड घेऊन सीमेवरून फिरतो, असा समज. त्याला रोट द्यायचा, कुठे दारूची धार द्यायची, विडी द्यायची. दिले तर तो वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, विसरलात तर वाट चुकवतो. पेडण्याच्या पुनवेला तर प्रत्यक्ष देव हट्ट धरतो. कोजागिरीच्या रात्री भगवतीच्या देवळाजवळ रवळनाथ आणि भूतनाथ यांची लुगड्यांनी सजवलेली तरंगे निघतात. आख्यायिका अशी की भूतनाथाला एका रात्रीत बांधलेले देऊळ हवे. ते काही होत नाही. मग तो रागावून रानाकडे धावतो, मागून लोक धावतात, देऊ-बांधू करून त्याची समजूत घालतात आणि परत आणतात. पुढल्या पुनवेला पुन्हा तेच मागणे, तेच रुसणे आणि तेच आश्वासन. भुताखेतांनी झपाटलेली माणसे या रात्री मोकळी होतात, या श्रद्धेने गोव्यातून आणि कोकणातून माणसांची रीघ लागते. त्यात डॉक्टरकडे न्यायला हवी अशी माणसेही असतात, हे खरेच. पण गाव आपल्या भुताशी वर्षातून एकदा समोरासमोर वाटाघाट करते, ही गोष्ट हॅलोविनच्या प्लास्टिकच्या भुतात शोधून सापडणार नाही.

डिचोली तालुक्यातल्या साळ गावात ही वाटाघाट तीन रात्री चालते. होळी पौर्णिमेपासून तिथे गड्यांची जत्रा भरते. उघड्या अंगाचे, पांढरे धोतर नेसलेले गडे देवळासमोर जमतात. नमनाचा ताल घुमू लागतो, आणि एकाएकी अख्खा घोळका अंधारात डोंगराच्या दिशेने सुटतो. दूर रानात चुडी पेटलेल्या दिसतात. त्या देवचाराच्या, असे गाव मानते. काही गड्यांना तो लपवून ठेवतो. बाकीचे त्यांना शोधत हिंडतात. सापडलेला गडा लाकडासारखा ताठ असतो, त्याला खांद्यावर घालून देवळाकडे आणतात. बघ्यांची गर्दी हजारोंनी असते, वाटेवर खाज्यांची आणि चहाची दुकाने लागतात. त्या दुकानांमुळे जत्रा बाजारू झाली, असे साळचा कोणी म्हणत नाही. कारण गडा होणे हा गावकऱ्याचा वंशपरंपरेचा भार आहे. तिकीट काढून कोणाला गडा होता येत नाही.

कॅथलिक गोव्याने ही चाल आपल्या परीने सांभाळली. लेंत हा उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या इंत्रुजात, म्हणजे कार्निव्हालात, मुखवटे चढवून वाड्यावाड्यांतून फिरायचे, पिठाच्या पुड्या एकमेकांवर फेकायच्या, अंगणात खेळ करून दाखवायचे. साष्टीतले हे खेळ पुढे तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, रंगमंचावर गेले आणि तिकिटावर चालू लागले. मृतांच्या नावाने दारातल्या भुकेल्याला जेवू घालण्याची रीतही होती. लग्नाआधी घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीने भिकाऱ्यांना पंगतीला बसवत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या रीतीचीच बहीण होती. मृतात्म्यांच्या दिवशी गरीब माणसे आणि पोरे दारोदार गात फिरत. घरवाले त्यांना लहान गोड पाव देत आणि मागणारे त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत. मेळाची तळी जिवंतांसाठी होती, ही प्रार्थना गेलेल्यांसाठी. व्यवहार एकच.

हाच व्यवहार पुढे समुद्र ओलांडून गेला. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री सोंगे घेऊन, सलगम कोरून त्यात दिवा ठेवून फिरत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने आयरिश माणसे लाखांनी अमेरिकेत गेली. तिथे सलगमाऐवजी भोपळा मिळाला. पण त्या काळचा अमेरिकन हॅलोविन मुलांचा गोड सण नव्हता. तो टारगट पोरांचा शिमगा होता. फाटके उचलून नेणे, खिडक्या फोडणे, गाड्या उलथवणे असे प्रकार चालत. शहरे वाढली, शेजारी अनोळखी झाले आणि जी खोड गावात हसून सोसली जाई, तिचा शहरात गुन्हा झाला. मिनेसोटातल्या अनोका या गावाने १९२० मध्ये पोरांना गुंतवण्यासाठी मिरवणूक काढली. त्याच सुमारास कॅनडाच्या वर्तमानपत्रांत ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ही घोषणा छापून येऊ लागली. घरवाल्यांनी खाऊ देऊन खोड्या विकत घेतल्या, असेच म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेवर नियंत्रण आले, १९४७ मध्ये ते उठले, आणि मग मिठाईच्या कंपन्यांनी या रात्रीचा ताबा घेतला. १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या परिसरात काही मुले खाऊऐवजी युनिसेफसाठी नाणी गोळा करत दारोदार फिरली, आणि तीही प्रथा देशभर पसरली. धंदा आणि दान एकाच दारातून आत आले.

इकडे गोव्यात त्याच दशकांत दारे मिटत चालली होती. पोर्तुगालमध्ये १९३२ पासून सालाझारची राजवट होती. सभा, मिरवणूक, छापील कागद, सगळ्यावर नजर. माणसे रात्री मुखवटे घालून, ढोल बडवत एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जातात, हे कुठल्याही हुकूमशहाला रुचत नाही. इंत्रुज कोमेजला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेरेखोलात शिरले आणि त्यांनी किल्ल्यावर तिरंगा फडकवला. त्यांना पकडून तुरुंगात टाकले गेले. त्यानंतर भारताने नाकेबंदी केली, सीमा आवळली गेली. ज्या गावाची जमीन रेडीला जोडलेली आणि राज्य नदीपलीकडचे, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ढोलांवरची दडपणे उठली.

मुक्तीनंतर सण पुन्हा उभे राहिले, पण वेगळ्या पायांवर. १९६५ मध्ये तिमोतेव फर्नांडिस यांनी पोर्तुगीज भाषक जगातल्या मिरवणुकांच्या धर्तीवर कार्निव्हालची मिरवणूक सुरू केली. कार्निव्हालचा राजा किंग मोमो आला, सजवलेले रथ आले, रथांवर कंपन्यांच्या पाट्या आल्या. पर्यटनाने जोर धरला तसे सरकारला कळले की कार्निव्हालप्रमाणे शिगमोही दाखवता येतो. आज पर्यटन खाते शिगमोचे वेळापत्रक जाहीर करते. पेडणे, म्हापसा, डिचोली, साखळी, फोंडा, पणजी, मडगाव, प्रत्येकाचा दिवस वेगळा. हमरस्त्यावर मंडप, मंडपात परीक्षक, आणि रोमटामेळ, लोकनृत्य, चित्ररथ, वेशभूषा अशा गटांत रोख बक्षिसे. दिवस वेगवेगळे असल्यामुळे एकच पथक आठवड्यात तीन-चार शहरांत उतरू शकते. ताल तोच, कासाळी तीच. नाचणाऱ्याचे तोंड मात्र घराकडून मंडपाकडे वळले. घरधनीण निशाणाला कुंकू लावते तेव्हा मेळ थांबतो. परीक्षकासमोर मिनिटे मोजून पुढे सरकावे लागते, कारण मागे दुसरे पथक उभे असते.

नरकासुराची कहाणीही अशीच. पूर्वी वाड्यातली पोरे पेंढा, जुने कपडे आणि रद्दी जमवून हातभर असुर करत, घराघरातून चार पैसे मागत आणि पहाटे त्याला पेटवत. मुक्तीनंतरच्या दशकांत तो वाढत गेला. आता लोखंडी सांगाड्यावर दोन-तीन मजली देह उभा राहतो, डोळ्यांत दिवे, हातांना यंत्र, आणि समोर कानठळ्या बसवणारे स्पीकर. क्लब आणि राजकारणी बक्षिसे लावतात. कृष्ण म्हणून उभे केलेले पोर त्या असुराच्या गुडघ्याएवढेही नसते. सकाळी पालिकेचे कामगार रस्त्यातली जळकी लोखंडे ओढतात. पेडण्यात आणि डिचोलीतही याहून निराळे नाही. हॅलोविनने आपली संस्कृती बिघडवली, असे म्हणणाऱ्याने या रात्रीचा हिशेब आधी मांडावा.

तरीही मंडपाने फक्त बिघडवलेच, असे म्हणता येत नाही. बक्षिसाच्या आशेने कितीतरी गावांत अडगळीतले ढोल खाली आले, कासाळी घासली गेली. ज्यांना मांडावर मान नव्हता, त्यांना मंडपात जागा मिळाली. मेळात पूर्वी पुरुषच असत. आता बायकांची पथके कासाळी वाजवतात, मुली ताशावर हात चालवतात. परीक्षक कोणाची जात विचारत नाही. मांडाने जे दोनशे वर्षांत दिले नाही, ते मंडपाने तीस-चाळीस वर्षांत दिले. हे खरे असेल, तर मंडपाने काय घेतले तेही नेमके सांगायला हवे. मंडपाने दार घेतले.

सण बाजारू झाला की नाही, हे त्यावर किती पैसा खर्च होतो यावरून ठरत नाही. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ च्या हॅलोविनवर १२.२ अब्ज डॉलर खर्च होतील, असा अंदाज दिला होता. याहून बाजारू ते काय असणार? पण तिथल्या मध्यमवर्गीय वस्तीत त्या संध्याकाळी पोरांची टोळी अजूनही पायी निघते आणि शेजाऱ्याचे दार वाजवते. न्यू जर्सीत राहणारे मराठी कुटुंब दिवाळीच्या कंदिलाखालीच चॉकलेटची परडी घेऊन बसते. एरवी ज्या शेजाऱ्याशी हात हलवण्यापलीकडे संबंध नाही, त्याचे पोर चेटकीण होऊन दारात येते, त्याला ओळखल्याचे किंवा न ओळखल्याचे नाटक करावे लागते, हातावर काही ठेवावे लागते. चॉकलेट कंपनीचे, पोशाख चीनचा, पण दार खरे. त्या अर्थाने ते पोर शबयीच्या टोळीतले आहे. उलट आमच्या किनाऱ्यावरचे क्लबातले हॅलोविन हे नुसते तिकीट आहे. तिथे कोणी मागत नाही, कोणी देत नाही, दार एकच आणि त्यावर पहारेकरी. आणि रागाने नव्हे, पण सांगायलाच हवे की बक्षिसापुरता उरलेला शिगमो आता या दोहोंपैकी क्लबाच्या अधिक जवळ सरकत आहे.

गंमत म्हणजे ज्या नरकासुराला आपण इतकी नावे ठेवतो, त्याच्याच सणात दार अजून शाबूत आहे. असुर जळाला, न्हाऊन झाले, अंगठ्याखाली कारीट फुटले, की गोव्यातली घरे पोह्यांसाठी उघडतात. दुधातले, ताकातले, गुळातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे असे फोव मांडून ठेवायचे आणि शेजारी, नातलग, मित्र यांनी घराघरात जाऊन चमचा-चमचा खायचे. पाचव्या घरी पोट भरते, तरी सहाव्या घरी नाही म्हणता येत नाही. याला परीक्षक नाही, प्रायोजक नाही, म्हणून बातमीही नाही. रात्रीचा गोंगाट वर्तमानपत्रात येतो. सकाळचे पोहे येत नाहीत.

बाजाराला सणातून हाकलून देण्याची भाषा फोल आहे. तो आत होता, आहे आणि राहील. पोरांनी हॅलोविन करावे की करू नये, यावर आईबापांनी तंडायचेही कारण नाही. भोपळा कोरून चार घरे फिरली तर बिघडत नाही, शबय मागत फिरली तर त्याहून बरे. क्लबाच्या रांगेत उभे राहिली, तर त्याला सण म्हणू नये एवढेच. सरकारला खरोखर काही करायचे असेल, तर ते फारच सोपे आहे. शिगमोच्या स्पर्धेसाठी पथकांकडून अर्ज भरून घेतातच. त्यात एक रकाना वाढवावा: यंदा स्वतःच्या गावात किती दारांवर गेलात? त्या रकान्याला गुण ठेवावेत, आणि ते चित्ररथाच्या गुणांहून थोडे जास्त असावेत.